आराखड्यातली कोरी जागा बांधताना

नवी मुंबईतल्या एखाद्या जुन्या नोडचा, म्हणजे शहराच्या एका मोठ्या विभागाचा, आराखडा टेबलावर पसरला की राहण्याचे भाग पिवळे, दुकानांचे निळे, मैदानं हिरवी दिसतात. मधेच एक तुकडा नुसत्या रेघेने घेरलेला असतो. आत रस्ता नाही, प्लॉट नाही, रंगही नाही. 'गावठाण' एवढा एकच शब्द. त्या शब्दाखाली तीनशे घरं असतात, देऊळ असतं, तळं असतं, होळीची जागा असते.

ही कोरी जागा आणि तिला लागून असलेला आखीव सेक्टर, दोन्ही एकाच मापाने एकाच पाटावर बांधायचे, असं ठरवून आम्ही चौघांनी हे मांडणीशिल्प केलं. जमिनीवरचा ५०० मीटर बाय ५०० मीटरचा तुकडा १:२५० मापात घेतला, म्हणजे २ मीटर बाय २ मीटरचं शहर झालं. त्याच्या वर ३० सेंटिमीटर अंतरावर ॲक्रिलिकच्या पारदर्शक पत्र्यावर कोरलेला आराखडा टांगला आणि त्याच्याही वर एकच दिवा. आराखड्याच्या रेघांची सावली खालच्या शहरावर पडते. गावठाण बेलापूर-नेरूळ पट्ट्यातलं आहे. नाव इथे घेत नाही, त्याचं कारण पुढे येईल. आपल्या शहराचं असं काही करू पाहणाऱ्यांना उपयोगी पडावं म्हणून मापं आणि चुका दोन्ही लिहून ठेवतो आहोत.

थोडी पार्श्वभूमी लागेलच. मुंबई दक्षिणोत्तर लांबत चालली आहे, तिला खाडीपलीकडे पूर्वेला वळवा, ही कल्पना वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकात मांडली. १७ मार्च १९७० रोजी हे शहर उभारणारं सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झालं. ९५ गावांची, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन या शहरासाठी ठरली. शेतजमीन स्वस्तात घ्यायची, तिची किंमत वाढली की त्याच पैशातून रस्ते, पाणी, घरं उभी करायची, हा त्यामागचा हिशेब होता. सरकारी कचेऱ्या पलीकडे जातील असंही गृहीत होतं. त्या नरिमन पॉइंटच्या आसपासच राहिल्या. ज्यांची भातशेती आणि मिठागरं गेली त्या आगरी-कोळी गावांना आराखड्यात स्वतःची जागा मिळाली ती त्या कोऱ्या तुकड्यापुरती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचा तो लढा आणि त्यातून आलेली, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यायची योजना माहीत नसेल तर नवी मुंबईचा नकाशा वाचता येत नाही, असं आमचं ठाम मत आहे.

मापाबद्दल सुरुवातीलाच बोलायला हवं, कारण पहिला महिना आमचा तिथेच गेला. आधी १:५०० वर काम सुरू केलं होतं. सेक्टरला ते माप छान बसतं. गावठाणात मात्र बहुतेक गल्ल्या जमिनीवर १ ते १.२ मीटर रुंद आहेत. १:५०० ला त्या २ मिलिमीटर होतात. घर चिकटवताना खालून बाहेर येणारं फेव्हिकॉल तेवढी फट भरून टाकतं. आठ दिवसांनी पाहिलं तर गल्ल्याच नाहीशा झालेल्या, सगळं गाव एकच ढेकूळ. गावठाणाकडे लांबून पाहणाऱ्याला ते तसंच दिसतं, आणि तीच नजर आम्हाला मोडायची होती. १:२५० ला गल्ली ४ ते ५ मिलिमीटरची होते, मजला १२ मिलिमीटरचा, आणि ६ बाय ९ मीटरचं घर २४ बाय ३६ मिलिमीटरचं. बोटांना पेलणारं हे सगळ्यात लहान माप. त्याहून मोठं घेतलं तर पाट खोलीत मावत नाही.

चौकोन कुठे टाकायचा हेही मापाइतकंच महत्त्वाचं. पाट नेण्या-आणण्यासाठी १ मीटर बाय १ मीटरचे चार भाग करावे लागतात आणि त्यांच्या जोडाच्या रेघा मधोमध येतात. या रेघा गावठाणातून गेल्या तर दर वेळी उघडझाप करताना घरं तुटतात. आमचं गावठाण साधारण १८० बाय १५० मीटरचं, म्हणजे पाटावर ७२ बाय ६० सेंटिमीटर. चौकोन सरकवून सरकवून ते एका भागात पूर्ण बसवलं आणि जोड सेक्टरच्या दोन मोठ्या रस्त्यांवर आणले. सरळ रस्त्यावर जोड दिसत नाही. वाकड्या गल्लीत लपवता येत नाही.

नकाशे तीन लागतात. सिडकोचा सेक्टरचा आराखडा, भूमी अभिलेखचा गाव नकाशा आणि उपग्रहाचं चित्र. तिन्ही क्यूजीआयएस या संगणकावरच्या नकाशा-प्रणालीत एकावर एक बसवायचे. गाव नकाशा बहुतेक १ इंचाला ३३० फूट, म्हणजे १:३९६० मापाचा असतो. त्याची मोजणी ३३ फुटी साखळीने झालेली. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे बरोबर एक गुंठा. हे डोक्यात ठेवलं तर जुने आकडे पटकन उलगडतात. नकाशाचा कागद-कापड वर्षानुवर्षं आकसलेलं असतं, आणि दोन्ही दिशांना सारखं नाही. म्हणून निदान आठ खुणेच्या जागा घ्या आणि त्या चारी बाजूंना पसरलेल्या असू द्या. देऊळ, विहीर, तळ्याचा बांध या खुणा पक्क्या. वडा-पिंपळावर भरवसा ठेवू नका, फांदी पसरली की उपग्रहाच्या चित्रातलं त्याचं मध्य सरकतं. एवढं करूनही ४-५ मीटरची चूक राहतेच. सेक्टरसाठी ती चालते. गावठाणात ४ मीटर म्हणजे चार गल्ल्या.

म्हणून गावठाण पायी मोजलं. त्याआधी गावातल्या जाणत्यांसमोर बसून काय करणार, कशासाठी, कुठे मांडणार हे सांगितलं. तिथे एक प्रश्न लगेच आला: "हे घरांचं मोजमाप उद्या कोणाच्या हातात जाईल?" गावठाणात आणि त्याला लागून कुटुंबं वाढली तशी जी घरं उभी राहिली, त्यांना सगळे 'गरजेपोटीची घरं' म्हणतात. त्यांतली कितीतरी कागदोपत्री अजून टांगणीवर आहेत. घराघराचं अचूक मॉडेल म्हणजे कुणाची वाढवलेली खोली कुठे आहे याचा आयता पुरावा. मग असं ठरलं: गावाचं नाव प्रदर्शनात नाही. घरांना क्रमांक नाहीत. मोजणीच्या वह्या काम संपल्यावर गावाकडे. आणि प्रत्येक रांगेत एकदोन घरांची उंची आपसात बदलायची, म्हणजे गल्ली खरी राहील पण कुठल्या एका घरावर बोट ठेवता येणार नाही. अशा विषयावर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा विचार मोजपट्टी उघडण्याआधी करावा. नंतर केला तर उशीर होतो.

मोजायला लेझर मीटर, ३० मीटरची टेप आणि ओळंबा. गल्लीत जीपीएस आठ-दहा मीटर भरकटतं, त्याचा नाद सोडा. देवळाच्या पायरीपासून निघून गल्ली-गल्ली मोजत पुन्हा त्याच पायरीवर यायचं. कागदावर ही फेरी जुळली नाही तर जेवढी चूक निघेल ती सगळ्या वळणांवर वाटून टाकायची. आमची सगळ्यात मोठी फेरी ३४० मीटरची होती आणि पहिल्यांदा १.९ मीटरने चुकली. कारण शोधलं तर एका वळणावर टेप पाण्याच्या पाइपाला वळसा घालून आली होती. लेझरचा ठिपका उन्हात दिसत नाही, तेव्हा समोर पांढरा पुठ्ठा धरायला एक माणूस हवा. सकाळी सात ते साडेनऊ ही बरी वेळ. त्यानंतर गल्लीत दुचाक्या आणि वाळवणं येतात.

रुंदी दोनदा मोजायची, हा या कामातला सगळ्यात मोठा धडा. एकदा गुडघ्याच्या उंचीवर, एकदा पहिल्या मजल्यावर. खाली जिथे १.२ मीटरची गल्ली आहे तिथे वर दोन्ही बाजूंचे छज्जे आणि गॅलऱ्या पुढे येऊन मधे अर्धाच मीटर आकाश उरतं. फक्त जमिनीवरची मापं घेतली तर मॉडेलमधलं गाव खऱ्यापेक्षा कितीतरी मोकळं दिसतं.

सामानाची निवड कल्पनेशी जुळलेली हवी, नाहीतर नुसती सजावट होते. सेक्टरच्या इमारती मुळात साच्यातल्याच. एक टाइप ठरला की तोच वीस वेळा. म्हणून त्या साच्यातून काढल्या: पाच टाइपांचे लाकडी नमुने, त्यांच्यावरून सिलिकॉनचे साचे, आणि त्यांत प्लॅस्टर ऑफ पॅरिस. वजनाने १०० भाग प्लॅस्टरला ६० ते ६५ भाग पाणी. प्लॅस्टर पाण्यात भुरभुरायचं, पाणी प्लॅस्टरमध्ये ओतायचं नाही, नाहीतर गाठी होतात. साचा अर्धा भरल्यावर टेबलाला खालून टिचक्या मारायच्या, हवेचे बुडबुडे वर येतात. तळमजला अधिक चार अशी इमारत ६० मिलिमीटर उंच. ३५-४० मिनिटांत साच्यातून निघते, पण पूर्ण वाळायला उन्हाळ्यात चार दिवस, पावसाळ्यात पंधरा. ओली चिकटवली तर खालचा प्लाय फुगतो. ९६ इमारती, सुमारे ३० किलो प्लॅस्टर, दोघांचे नऊ दिवस.

गावठाणाची ३१२ घरं हाताने कापली, आणि ती आंब्याच्या पेट्यांच्या फळ्यांची. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात मोसम संपताना, जूनच्या सुमारास, रिकाम्या लाकडी पेट्या सहज मिळतात. २५ पेट्या लागल्या. फळी घासून ६ मिलिमीटरची केली की दोन फळ्या म्हणजे बरोबर एक मजला. यातला सोयीचा भाग असा की वरची फळी खालच्यापेक्षा दीडेक मिलिमीटर पुढे काढली की छज्जा आपोआप होतो. वेगळा चिकटवावा लागत नाही. घरागणिक सरासरी सहा तुकडे धरले तर १,९०० तुकडे झाले. खिळे आधी काढा, नाहीतर करवतीचं पातं जातं. फळी कच्च्या लाकडाची असते, रेषेच्या दिशेने उभी चिरते. म्हणून लहान तुकडे आडव्या रेषेतून कापायचे आणि कापण्याआधी त्या जागी कागदी टेप लावायची. या एका गावठाणाला चौघांचे ३१ दिवस लागले. पाटाच्या जेमतेम नवव्या हिश्शाला बाकी सगळ्या सेक्टरच्या सातपट मजुरी पडली. हे आकडे आम्ही भिंतीवर, दोन ओळींत, मोठ्या अक्षरांत लावले. कामाबद्दलचा दुसरा कुठलाही मजकूर एवढा बोलका झाला नसता.

गल्ली बुजू नये यासाठीचं हत्यार म्हणजे सायकलच्या चाकातली तार. तिची जाडी २ मिलिमीटर, आमच्या मापात अर्धा मीटर. म्हणजे दोन छज्ज्यांमधलं उरलेलं आकाश. प्रत्येक घर चिकटवलं की तार गल्लीच्या या टोकातून घालायची आणि त्या टोकाला बाहेर यायला हवी. अडली की गोंद ओला असतानाच घर उचलायचं. फेव्हिकॉल बाटलीतून थेट लावायचं नाही. दात कोरायच्या काडीने घराच्या तळाच्या मधोमध एक ठिपका, कडांपासून ३ मिलिमीटर आत. चाळीस-पन्नास घरं झाल्यावर तार न अडता जायला लागते तेव्हा हाताला जे समाधान मिळतं ते वेगळंच.

क्रमही महत्त्वाचा. एका टोकापासून सुरू करून घरं लावत गेलात तर दर घरामागे अर्धा मिलिमीटर वाढतो, आणि वीस घरांच्या रांगेत १ सेंटिमीटर, म्हणजे अडीच मीटर. आमची पहिली रांग तळ्यात जाऊन पडली. ती पूर्ण काढली. नंतर देऊळ, तळं, विहीर आणि गावाच्या कडेची घरं आधी पक्की केली आणि आत भरत गेलो; चूक मग रांगेत वाटली जाते. खाली चिकटवायच्या नकाशाचंही लक्ष ठेवा. कागदाला फेव्हिकॉल लावलं की तो ओला होऊन पसरतो, मीटरभर कागद दोन-तीन मिलिमीटरने वाढतो. आम्ही शेवटी कागद चिकटवणं सोडलं आणि कार्बन ठेवून रेघा थेट पाटावर उतरवल्या.

जमिनीची पातळी पुष्कळजण सोडून देतात. खाडीकाठच्या नोडमध्ये भराव टाकून सेक्टर उचलला गेला आणि गावठाण होतं तिथेच राहिलं; रस्त्याचे थर चढत गेले तसं ते आणखी खाली गेलं. पावसाचं पाणी मग कुठे जमणार हे सांगायला नको. आमच्या तुकड्यात हा फरक साधारण १ मीटर निघाला, म्हणजे ४ मिलिमीटर. सेक्टरखाली ४ मिलिमीटरचा एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या दाबीव लगद्याचा पत्रा, घातला आणि गावठाणाच्या कडेला त्याची धार उघडी ठेवली. उंची दुप्पट करून दाखवायचा मोह होतो. करू नका. तिरक्या प्रकाशात ४ मिलिमीटरची पायरी पुरेशी दिसते, आणि खरं माप ठेवलं की वाद घालणाऱ्याला पट्टी हातात देता येते.

पाण्याच्या काळ्या टाक्यांसाठी मंगळसूत्राचे काळे मणी, ४ मिलिमीटरचे. पत्र्याच्या शेडसाठी चहाच्या पुड्यांच्या आतला चंदेरी कागद, कंगव्यावर दाबून पन्हळी केलेला. रंग कशालाच दिला नाही. प्लॅस्टर पांढरं, पेटीचं लाकूड पिवळसर, कुठे कुठे बागायतदाराच्या शिक्क्याची शाई. ती शाई आम्ही घासून काढत होतो, मग थांबलो. आता घरांच्या भिंतींवर अर्धी अक्षरं आहेत.

सरावासाठी आधी एक छोटा तुकडा केला होता, त्याबद्दल लिहायलाच हवं. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज, कोरियांनी १९८०च्या दशकात केलेली वसाहत. सात घरं एका ८ मीटर बाय ८ मीटरच्या चौकाभोवती. असे तीन गट मिळून एकवीस घरं आणि मधे १२ मीटर बाय १२ मीटरची मोकळी जागा. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटर. घरांच्या भिंती शेजाऱ्याशी सामायिक नाहीत, म्हणजे ज्याला जेव्हा वाढवायचं तेव्हा त्याने वाढवावं. आमच्या मापात चौक ३२ मिलिमीटरचा. मूळ बैठी घरं आणि आजची दोन-तीन मजली घरं अशी दोन मॉडेल शेजारी ठेवली. लाकूड १२ मिलिमीटरवरून ३६ वर गेलं, छपरांची कौलं जाऊन स्लॅब आले, पण चौक बहुतेक ठिकाणी शाबूत राहिले आहेत. आराखडा काढणाऱ्याने बदल गृहीत धरला होता, म्हणून बदल त्याच्या रेघेत मावला. गावठाणातही कुटुंबं तशीच वाढली. तिथे वाढीला कुणी रेघच दिली नाही. हा सराव केला नसता तर आम्ही एका बाजूला देव आणि एका बाजूला दैत्य उभे करून मोकळे झालो असतो.

आता वरचा आराखडा. कॉन्स्टंट या डच चित्रकाराने १९५६ ते १९७४ या काळात 'न्यू बॅबिलॉन' नावाचं कल्पनेतलं शहर मॉडेलांतून मांडलं. त्याचं शहर जुन्या जमिनीवर खांबांच्या आधाराने अधांतरी पसरलेलं होतं. आराखडा टांगायची कल्पना तिथून आली. आणि मुंबईच्या कलावंत हेमा उपाध्याय यांनी धारावीतल्या घराच्या मापाची, ८ फूट बाय १२ फुटांची खोली करून तिच्या भिंतींवर पत्र्यांची वस्ती चढवली होती. वस्ती वरून पाहायची सवय तिथे मोडते. आमच्या मांडणीत प्रेक्षकाने दोन्ही करावं अशी इच्छा होती. पाट जमिनीपासून ८० सेंटिमीटर, ॲक्रिलिक ११० वर. उभा माणूस आराखड्यातून खाली पाहतो. गल्ली पाहायची तर त्याला वाकावं लागतं. लहान मुलांची नजर थेट दोहोंच्या मधे जाते.

इथे गणित चुकलं तर सगळं चुकतं. दिवा पाटापासून २४० सेंटिमीटर वर, ॲक्रिलिक ३० वर. सावली मोठी होऊन पडते: २४० भागिले २१०, म्हणजे १.१४ पट. २ मीटरची सावली हवी असेल तर कोरीव आराखडा १.७५ मीटरचाच हवा. आम्ही पहिला पत्रा पूर्ण २ मीटरचा कोरून आणला होता. दिवा लावला तर सेक्टरचे रस्ते इमारतींवर चढलेले. ५ मिलिमीटर जाडीचं ॲक्रिलिक, १७५० बाय ८७५ मिलिमीटरचे दोन तुकडे, प्रत्येकी ९ किलो. ते ८ फूट बाय ४ फुटांच्या दोन पत्र्यांतून निघतात. नुसती कोरलेली रेघ प्रकाश विखुरते, सावली देत नाही. खाचेत काळा रंग भरून वरचा पुसून काढावा लागतो. रेघ १ मिलिमीटरची ठेवली तर सावली पुसट होते, कारण दिव्याचा ठिपकाच १० मिलिमीटरचा आहे आणि त्यामुळे सावलीच्या कडा दीड मिलिमीटर धूसर होतात. रेघ २ मिलिमीटरची हवी.

दिवा एकाच चिपचा एलईडी, पुढे काच नको, भिंग नको. पट्टीचा दिवा लावला तर प्रत्येक रेघेच्या वीस सावल्या पडतात. तो पाटाच्या बरोबर मध्यावर हवा. ओळंबा सोडून बघा. दिवा ५ सेंटिमीटर सरकला तर सावली ७ मिलिमीटर सरकते, म्हणजे जमिनीवरचे पावणेदोन मीटर. छताचा पंखा त्याच हुकाजवळ असेल तर रेघा थरथरतात. ॲक्रिलिकला काही आठवड्यांत झोल येतो. मध्यभागी आला तर फार बिघडत नाही, तिथे प्रकाश सरळ खाली येतो. कडेला आलेला झोल मात्र लगेच दिसतो. तेव्हा अॅल्युमिनियमची कोनपट्टी कडांना चारी बाजूंनी लावा आणि टांगायच्या तारा कोपऱ्यांत चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर दोन अशा सहा घ्या. उंची ठरवताना शेजारचा पुनर्विकास लक्षात घ्या. चोवीस मजल्यांचा एक टॉवर म्हणजे २८८ मिलिमीटर. आमच्या तुकड्यात एक उभा राहतोय. त्याचं टोक ॲक्रिलिकपासून १२ मिलिमीटरवर थांबतं.

दिवा लावल्यावर जे दिसलं ते आम्ही कागदावर ठरवलेलं नव्हतं. सेक्टरवर रस्त्यांच्या, प्लॉटच्या रेघांची जाळी पडते आणि प्लॅस्टर करडं दिसतं. गावठाणावर आराखड्यात काहीच नाही, तेव्हा तिथे काहीच पडत नाही. पाटावरचा सगळ्यात उजळ भाग तोच. छपरं, पत्रे, मणी लखलखतात, आणि त्यांच्यामधल्या ४ मिलिमीटरच्या गल्ल्या घरांच्याच सावलीने काळ्याभोर. गावातले लोक पाहायला आले तेव्हा त्यांनी आधी तळं शोधलं, मग देऊळ, मग तिथून बोटाने मोजत आपली गल्ली. नाव न लिहिताही त्यांना पाच मिनिटं लागली नाहीत. होळीची जागा आम्ही ६ मीटर पूर्वेला धरली होती. ती त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतली.

बाजूला एका लहान पाटावर दोन लाकडी चौकोन ठेवले आहेत. साडेबारा टक्क्यांच्या योजनेचा हिशेब त्यांत आहे. शहरासाठी गेलेला एक एकर, म्हणजे ४० गुंठे, आमच्या मापात २५४ मिलिमीटरचा चौकोन. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे, ९० मिलिमीटरचा. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी मूळ जमिनीचे ३.७५ टक्के वजा जातात, उरतो ७५ मिलिमीटरचा. ९०च्या चौकोनाची कड कापून ती पट्टी शेजारी ठेवली आहे. तिन्ही तुकडे सुटे आहेत, हातात घेता येतात. लोक लहान चौकोन मोठ्यावर किती वेळा बसतो ते करून पाहतात, म्हणून त्यांच्या कडा दर पंधरा दिवसांनी घासाव्या लागतात.

उतरवताना आधी दिवा, मग ॲक्रिलिक, शेवटी पाट. गावठाणाचा भाग कधीही उभा करायचा नाही, आडवाच न्यायचा. खाली चार बोटं जाड फोम. ॲक्रिलिकवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसली तर ओरखडे येतात आणि तो पत्रा आणखी धूळ ओढतो. ओला मऊ कपडा वापरा. पावसाळ्यात पाट प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत बुरशी धरते. सुती चादर बरी. दर प्रवासात पाच-सहा घरं आणि पंधरा-वीस मणी सुटतात. पेटीत मण्यांची एक पुडी, फळीच्या पट्ट्या, दात कोरायच्या काड्या आणि ती सायकलची तार ठेवायची, आणि नव्या जागी मांडल्यावर दिवा लावण्याआधी प्रत्येक गल्लीतून तार एकदा फिरवून घ्यायची.